मी घरीच हुते

गेल्या डिसेंबरात विजय दिनाला कराडजवळच्या एका गावात मानपत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतली मैत्रीण त्या गावची सून. तिने बोलावलं आणि मी गेले. १९७१ च्या लढाईत असलेल्या गावातल्या सात सैनिकांचा सत्कार होता. सातांपैकी दोघेच हयात. उरलेल्या पाच खुर्च्यांवर त्यांच्या बायका बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. शाळेचं पटांगण, मंडपाच्या कापडातून झिरपणारं पिवळं ऊन, माइकची खरखर, नारळांच्या ढिगाजवळ घोटाळणारी पोरं. माझ्या हातात मानपत्रांची चळत. प्रत्येकावर नाव, नंबर, हुद्दा, पलटण, भरतीचं साल, कुठे लढले, कोणती पदकं. चौथं मानपत्र मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतल्या एका नाईकांचं होतं. ते पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते, तिथे उजव्या हाताला गोळी लागली. दहा वर्षांपूर्वी वारले. "त्यांच्या वतीने त्यांच्या पत्नी सत्कार स्वीकारतील," ही शेवटची ओळ मी वाचली आणि आजी उठल्या.

का कोण जाणे, तेवढ्यावर थांबावंसं वाटेना. शाल-नारळ घेऊन त्या वळत होत्या तेव्हा मी माइक त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "आजी, ते लढाईवर होते तेव्हा तुम्ही काय करत होता?" त्यांनी माइककडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी?" म्हणाल्या. "मी कुटं काय केलं, बाई. मी घरीच हुते." मंडपात हसू पिकलं. मायेचंच होतं ते, कुणाला उणं लेखणारं नव्हतं. आजीही हसल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. मी पाचवं मानपत्र उचललं.

परतताना एसटीत खिडकीशी बसले होते. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत चाललेली, काचेवर पाचटाची धूळ. सात मानपत्रं मीच वाचली होती आणि त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त "मी घरीच हुते". घरी पोचले, चहा टाकला, तरी ते वाक्य कानातून जाईना.

कारण ते मी आधीही ऐकलं होतं. माझ्या आईच्या तोंडून, जवळपास त्याच शब्दांत.

७१ साली मी सात वर्षांची होते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. माझे वडील चाळीचे वॉर्डन होते. त्यांच्याकडे शिट्टी होती आणि निळा कागद लावलेली बॅटरी. भोंगा झाला की ते गॅलरीतून ओरडत जायचे, "दिवे घालवा! दिवे घालवा!" पुढे कितीतरी वर्षं दिवाळीच्या फराळाला पाहुणे जमले की ही गोष्ट निघायची. बाबा शिट्टीची नक्कल करायचे, आम्ही हसायचो. "तुम्ही युद्धात काम केलंत," असं कुणी म्हटलं की बाबा संकोचायचे, पण नाकारायचे नाहीत. आईने त्या दोन आठवड्यांत काय केलं ते मला माझ्या अंगाने आठवतं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवल्याचा वास, ती खळ बोटाने काचांवर फिरवताना तिच्या बांगड्यांचा आवाज, आणि काळा कागद पुरेना म्हणून माझ्या वहीची कव्हरं फाडून तिने बुजवलेल्या फटी. रॉकेलच्या रांगेत ती पहाटे उभी राहायची. पिंपात पाणी, बादलीत वाळू, उशाशी चिल्लर आणि बिस्किटांचा डबा. भोंगा झाला की धाकट्याला काखेत मारून, मला दंडाला धरून ती जिन्याखाली न्यायची आणि आमच्या अंगावर अशी वाकायची की तिच्या पोटाची ऊब आणि लसणीचा वास एवढंच जग उरायचं. स्टोव्हची ज्योत बाहेर दिसू नये म्हणून ती त्याभोवती पत्र्याचे डबे लावून पोळ्या करायची. अंधारात लाटलेल्या त्या पोळ्या एका बाजूला जाड असायच्या. मोठेपणी मी एकदा विचारलं होतं, "आई, तू काय केलंस गं तेव्हा?" ती म्हणाली, "मी काय करणार? घरीच तर होते."

आईच्या सासूची, माझ्या आजीची गोष्ट त्याआधीची, ६२ ची. चीन आत घुसला, यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं घरोघरी म्हटलं जाऊ लागलं आणि राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी चौकाचौकात सोनं गोळा होऊ लागलं. आजीच्या हातात पाटल्यांचा जोड होता, माहेरचा. त्यातली एक तिने दिली. का एकच दिली, हे तिला कुणी विचारलं नाही. पुढे मरेपर्यंत तिच्या डाव्या हातात पाटली आणि उजव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या असत. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ती पाटली फिरवत बसायची. दुसरी परत करायची कुवत आमच्या घरात कधी आली नाही. त्यात १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. जोड जुळवायचा म्हटलं तरी तसं सोनं मिळणार नव्हतं. काका सांगायचे, सभेत भाषण ऐकता ऐकता आईने आपण होऊन पाटली काढली. माझी आई सांगायची, सासूबाई त्या रात्री मोरीत जाऊन रडल्या. मला दोन्ही खरं वाटतं. आपण होऊन दिलेल्या वस्तूसाठीच तर माणूस लपून रडतं.

त्या पाटलीची पावती माझ्याकडे आहे. घर आवरताना पत्र्याच्या डब्यात सापडली, रेशनकार्ड आणि काशीयात्रेच्या तिकिटांच्या मधे. कागद घड्यांवर विरलेला. वजन लिहिलं आहे, तारीख आहे, सही आहे. देणाऱ्याच्या जागी अण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव.

त्यापुढचं 'श्री.' छापूनच आलेलं होतं.

अण्णांनी यात काही केलं नव्हतं. त्यांनी कधी बढाई मारली नाही, की माझ्या नावाने लिहा असं सांगितलंही नाही. पावती फाडणाऱ्याने घरातल्या कर्त्याचं नाव विचारलं असणार आणि आजीने उखाणा घेतल्यासारखं ते खाली मान घालून सांगितलं असणार. यात कुणाचा दोष काढावा हे मला कळत नाही. तरीही ती पावती हातात घेतली की माझी बोटं त्या नावावर थांबतात.

नावांचा विचार करू लागलं की दगड आठवतात. इंडिया गेटवर १३,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत, त्यात बाईचं नाव एक आहे, १९१९ साली मेलेल्या एका परिचारिकेचं. दिल्लीला दोनदा गेले, कमानीखाली मान वर करून उभी राहिले, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आणि आपल्याकडे साताऱ्याच्या मुलखात पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेतच. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. त्या पाटीसमोर उभं राहिलं की तिसरा आकडा मनात येतो. ती माणसं गेल्यावर नांगर कुणी धरला, मोट कुणी हाकली, सावकाराच्या दारात कोण उभं राहिलं, या मोजणीचा.

त्या मुलखाचं मला आणखी एक नवल वाटतं. १९४३ साली ज्या गावांतून पोरं इटलीला आणि ब्रह्मदेशाला लढायला गेली होती, त्याच गावांतून इंग्रजांविरुद्ध पत्री सरकार चालू होतं. जूनमध्ये शेणोलीला पगाराची गाडी लुटली गेली, तेव्हा त्याच गाड्यांनी सैनिकांच्या मनिऑर्डरीही येत होत्या. एकाच घरातला थोरला पलटणीत आणि धाकटा भूमिगत. भाकऱ्या थापणारी आई एकच. थोरल्यासाठी ती देवाला साकडं घालायची आणि धाकट्यासाठी रात्री भाकऱ्या फडक्यात बांधून उसात नेऊन ठेवायची. पोलिसांनी दारात उभं राहून विचारलं की म्हणायची, मला काय ठावं, मी घरीच असते. लीलाताई पाटलांसारख्या, इंदुताई पाटणकरांसारख्या काही जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत. भाकरीवाल्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. कुठल्या लढाईत ती कुणाच्या बाजूने होती, हे तिलाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

तर त्या एसटीच्या प्रवासानंतर मी वाचत सुटले. जे मिळेल ते. आणि वाचता वाचता कोळशापाशी अडखळले.

१९३७ पासून आपल्याकडे बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरवायला बंदी होती. १९४३ साली ती उठवली गेली. युद्धामुळे कोळसा कमी पडत होता. विमानतळ, रस्ते, लष्करी बांधकामं यांवर मजुरी बरी मिळायची, म्हणून खाणकामगार तिकडे गेले होते. रेल्वे थांबली तर फौज थांबते, गिरण्या थांबल्या तर कापड थांबतं. मग बंगाल-बिहारातल्या, आपल्या शेजारच्या मध्य प्रांतातल्या खाणींत बायका पुन्हा खाली उतरल्या. तिकडे त्यांना 'कामिन' म्हणत. नवऱ्याने कोळसा फोडायचा, बायकोने टोपलीत भरून टबापर्यंत, म्हणजे रुळांवरच्या डब्यापर्यंत, वाहायचा. या निर्णयाविरुद्ध मोठा गहजब झाला, अखिल भारतीय महिला परिषदेने कडाडून विरोध केला. आणि त्या वेळी मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबाद भागातल्या खाणी स्वतः पाहून आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यांना या निर्णयाचं उत्तर द्यावं लागलं. ही तात्पुरती, निकडीची गोष्ट आहे असं त्यांनी सांगितलं. आणि त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट नोंदवली, की बाई असो वा पुरुष, सारख्या कामाला सारखी मजुरी हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच इथे मान्य झालं आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसले. काय वाटावं हेच कळेना. पुरुषाएवढी मजुरी बाईला मिळाली, आणि ती मिळाली कुठे, तर जिथे उतरू नये म्हणून कायदा केला होता त्या बोगद्यात. युद्ध संपलं तशी ती वर आली. जीव वाचला, हे तर चांगलंच. पण वर आल्यावर तिला कुठली मजुरी मिळाली असेल? एखादी कामिन तेव्हा बावीस वर्षांची असेल. पुढे म्हातारपणी नातीने विचारलं असेल, आजी, तू लढाईत काय केलंस? आणि पाण्यात भिजवलेल्या कोळशासारखं काळंभोर हसून ती काय म्हणाली असेल, ते मला मराठीतच ऐकू येतं.

गणवेशातल्या बायकांबद्दल आपल्याला जरा जास्त माहिती असते असं मी समजत होते. आझाद हिंद सेनेतली झाशीची राणी पलटण, कॅप्टन लक्ष्मी, १९४३ च्या ऑक्टोबरात सिंगापूरला सुरू झालेली छावणी, हे शाळेत कानावरून गेलेलं असतं. त्या पलटणीतल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या होत्या आणि ज्या देशासाठी बंदूक उचलली तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, याचा मात्र मी कधी थांबून विचार केला नव्हता. दुसरीकडे इंग्रजी फौजेतही बायका होत्या. १९४२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या महिला साहाय्यक दलात पुढे साडेअकरा हजारांच्या घरात बायका गेल्या. टेलिफोन, टंकलेखन, सांकेतिक संदेश, गाड्या चालवणं. त्यांच्यासाठी खाकी साडी होती. नौदलाच्या शाखेतल्या कल्याणी सेन यांचा एक फोटो आहे, जून १९४५ चा, स्कॉटलंडमधल्या रोसाइथचा. गोऱ्या अधिकारी बाईशेजारी साडीतल्या गणवेशात त्या उभ्या आहेत. एका पलटणीतल्या बाया दिल्लीकडे निघालेल्या, दुसऱ्या दलातल्या बाया त्याच दिल्लीच्या सरकारचे संदेश पोचवत होत्या. स्वातंत्र्य आलं आणि दोन्ही गणवेश पेटीत गेले. पहिल्यांना निदान पुस्तकात जागा मिळाली. दुसऱ्यांविषयी घरातसुद्धा दबक्या आवाजात बोललं जायचं, अशी माझी समजूत आहे, कारण आमच्या घरातला गणवेशही दबक्या आवाजातलाच होता.

माझी आत्या लष्करी परिचारिका होती.

पत्र्याची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'कॅप्टन' आणि पुढे आडनाव. लहानपणी आम्हाला वाटायचं ही ट्रंक कुणातरी पुरुषाची आहे, आत्याने जुनी विकत घेतली असेल. सुट्टीवर ती यायची तेव्हा तिच्या अंगाला डेटॉलचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास असायचा. पांढराशुभ्र गणवेश आणि खांद्यावरचे तारे मी एकदाच पाहिले, तिला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा. लष्करी परिचारिकांना १९४३ च्या वटहुकमापासून अधिकाऱ्याचा दर्जा आहे, पण आमच्या गोतावळ्यात ती शेवटपर्यंत 'नर्स आत्या'च राहिली. लग्नकार्यात निवृत्त सुभेदार मामांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि कॅप्टन आत्या आत बायकांबरोबर वाटीत बुंदी मोजून घालते आहे, हे चित्र मला तेव्हा मुळीच खटकलं नव्हतं. ७१ च्या डिसेंबरात ती पुण्यात होती. गाड्या भरून जखमी यायचे. पाय गेलेली मुलं पुढे कृत्रिम अवयव केंद्रात जायची. याबद्दल ती एकदाच बोलली, तेही शेंगदाणे सोलता सोलता. म्हणाली, "ज्यांचे हात कामातून गेले होते त्यांची पत्रं मी लिहायचे. सगळे एकच सांगायचे. किरकोळ लागलं आहे, काळजी नसावी. काहींना तर हातच नव्हता. मी किती आयांना खोटं लिहिलं असेल." मग उठून सालपटं टाकायला गेली आणि परत आली ती दुसराच विषय घेऊन.

आत्याने लग्न केलं नाही. "तिने स्वतःला सेवेला वाहून घेतलं," हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं की मी ते तिच्या स्वभावाचाच भाग धरून चालले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी वाचली. लग्न केलं म्हणून १९८८ साली सेवेतून काढून टाकलेल्या एका लष्करी परिचारिकेला ६० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तसा नियमच होता, १९७७ चा. १९९५ मध्ये तो मागे घेतला. पेपर हातात धरून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. आत्या जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. तिने वाहून घेतलं होतं, की तिला निवडायला लावलं होतं? निदान एकदा तिला विचारायला हवं होतं. शेंगदाण्यांच्या त्या दुपारी मी विचारू शकले असते.

ही रुखरुख घेऊनच मी फेब्रुवारीत पुन्हा त्या गावाला गेले. मैत्रिणीला म्हटलं, मला त्या आजींकडे घेऊन चल.

आजी ओसरीवर हरभरा सोलत बसल्या होत्या. मला ओळखलं. "माइकवाल्या बाई," म्हणाल्या आणि पोतं पुढे सरकवलं. मीही सोलायला बसले. हाताला काम असलं की बोलणं आपोआप होतं, हे मला आत्याने शिकवलं होतं. आजींचं ७१ साली वय एकोणीस. सासरे नव्हते, सासूला दिसायचं कमी, दीर शाळेत, पदरात सव्वा वर्षाची मुलगी. दीड एकर पाटाखालची जमीन. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी त्यांच्या वाट्याला रात्री यायचं. "दारं धराय कोन जानार? दिराला परीक्षा. मग मीच. पोरगी सासूच्या कुशीत द्यायची, कंदील घ्यायचा, फावडं घ्यायचं." डिसेंबरातली थंडी, गुडघ्यापर्यंत चिखल, गव्हाच्या वाफ्यात पाणी फिरलं की नाही ते कंदिलापेक्षा पायालाच आधी कळायचं. इकडचं दार मोडून तिकडचं बांधायचं. दोनदा साप आडवा गेला. एकदा पाणी दुसऱ्याने मधेच फोडून घेतलं, तेव्हा त्या फावडं घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. "बाईमानूस म्हनून दम दिला त्येनं. म्या म्हनलं, माजा नवरा हितं न्हाई, पन फावडं हाय."

नवऱ्याचं पत्र यायचं त्यावर गाव नसायचं. 'मार्फत ५६ एपीओ' एवढंच, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. आजींना वाचता येत नव्हतं, पण हा पत्ता तोंडपाठ होता. आजही त्यांनी तो मला एका दमात म्हणून दाखवला, आरतीच्या ओळीसारखा. नोव्हेंबरात पत्रं थांबली. चावडीवर रेडिओ होता, संध्याकाळी पुरुष जमायचे. तिथे बाईने जाऊन बसायची रीत नव्हती. "मग मी हंडा घिऊन चावडीमागनं जायची. भितीआड थांबून बातम्या ऐकायची." मी म्हटलं, पाणी तिकडे होतं का? त्या हसल्या. "न्हाई. रिकामाच हंडा. सासूला सांगायची, आडाला गर्दी हुती." सोळा डिसेंबरला संध्याकाळी गावात गुलाल उधळला, ताशा वाजला. त्या दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. जिंकलं ते कळलं होतं, माणूस आहे की नाही ते कळलं नव्हतं. जानेवारी अर्धा सरला तेव्हा पत्र आलं. गुरुजी वाचायला बसले, किरकोळ लागलं आहे, काळजी नसावी. पण ते वाचायच्या आधीच आजींच्या छातीत धस्स झालं होतं. "मालकांच्या वळी तिरक्या जायच्या, चढाला लागलेल्या बैलावानी. ह्या वळी सरळ हुत्या. म्हनलं ह्यो हात दुसऱ्याचा. ह्येंच्या हाताला कायतरी झालंय."

माझ्या हातातला हरभरा खाली पडला. ते अक्षर आत्याचं असेल का, हा विचार मनात येऊन गेलाच. मी विचारलंसुद्धा, कुठल्या दवाखान्यात होते ते? कलकत्त्याच्या. आत्या पुण्यात होती. दुसऱ्या कुणाच्या तरी आत्याने लिहिलं होतं ते पत्र, सरळ ओळींत.

नाईक परतले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, आणि पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. पाटाला पाणी नाही, गहू नाही. आजी खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेल्या, चार मैल चालत. ते सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. लढाईतली रात्र आणि दुष्काळातली दुपार एकाच सुतळीत ओवलेली. मला तिथे बसल्या बसल्या भुजजवळच्या माधापरच्या बायका आठवल्या. ७१ च्या त्याच डिसेंबरात बॉम्बने उखडलेली धावपट्टी तिथल्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत पुन्हा उभी केली. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक होते. भोंगा झाला की बायका झुडपात लपायच्या, शांत झालं की पुन्हा घमेली उचलायच्या. त्यांना मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून गावात सभागृह झालं आणि आता स्मारकही आहे. होय, फार चांगलं झालं. मी आजींना ती गोष्ट सांगितली. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीन दिस? मंग त्यांची पोरं कुनी बगितली?" इतक्या ठिकाणी ही गोष्ट वाचली होती मी, पण हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता, आणि मलाही पडला नव्हता.

बोलणं चालू असताना आजींची नात आली, घामेजलेली, पायात कॅनव्हासचे बूट. ती भरतीची तयारी करते. त्या भागात पहाटे रस्त्याने गेलं तर मुलग्यांच्या घोळक्यामागे आता मुलींचाही एक घोळका धावताना दिसतो, ओढण्या कमरेला बांधलेला. लष्करी पोलिसांत जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी, ८३ जणींची, २०२१ मध्ये बाहेर पडली, हे तिनेच मला सांगितलं. खडकवासल्याच्या एनडीएतून २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडलेल्या पहिल्या १७ मुलींचा फोटो तिच्या मोबाइलवर होता. तिच्या डोळ्यांतली चमक बघून मला आनंद झाला, आणि पोटात कुठेतरी ओढही बसली. ही पोर उद्या एखाद्या ५६ एपीओच्या पत्त्यावर असेल आणि हिची आई रिकामा हंडा घेऊन कुठल्या भिंतीआड उभी राहील? आजींना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्यांनी नातीच्या पायाकडे बघितलं. "बूट लहान हुत्यात तिला," म्हणाल्या.

घरी येऊन मी आजींचं मानपत्र लिहिलं. एक पान. वरती त्यांचं स्वतःचं नाव, माहेरच्या आडनावासकट, ते त्यांना विचारून घेतलं होतं. हुद्द्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना, ती जागा मी गाळली. पाटाचं पाणी लिहिलं, फावडं लिहिलं, चावडीमागचा हंडा लिहिला, सरळ ओळींचं पत्र लिहिलं. पुढच्या महिन्यात घेऊन गेले. सत्कार वगैरे काही नाही, ओसरीच, तेच पोतं, या खेपेला त्यात तुरीच्या शेंगा. नातीने मोठ्याने वाचलं. आजी डोळे मिटून, डोकं खांबाला टेकवून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पलीकडे म्हैस दावं ओढत होती.

मग त्यांनी डोळे उघडले.

"ते पान्याचं परत वाच," त्या नातीला म्हणाल्या. तिने वाचलं, 'रात्री बारा वाजता कंदील घेऊन...'

"बारा न्हवं, दोन," आजी म्हणाल्या. "आमची पाळी दोनला यायची. बारा लिवलंस तर लोकांस्नी वाटंल, झोप काडून सकाळी उठत आसंल."

मी पर्समधून पेन काढलं.